डुकरिणीला तारीख विचारत नाहीत

सोमवार आणि गुरुवार हे माझे डुकरिणींचे दिवस. सकाळी साडेसातला कत्तलखान्याची गाडी आमच्या मागच्या दाराशी लागते आणि तिथला मुकादम बर्फाच्या पेटीतून एकेक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवतो. एका पिशवीत एका डुकरिणीचं गर्भाशय, दोन्ही अंडाशयांसकट, आणि वर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. प्रयोगशाळेत मला तेवीस वर्षं झाली, त्यातली शेवटची दोन या कामात गेली. पहिल्या दिवशी घास उतरला नव्हता. आता हातमोजे काढले, हात धुतले की सरळ डबा उघडते.

डुकरिणीचं एक बरं असतं, तिला काही विचारावं लागत नाही. तिचं चक्र एकवीस दिवसांचं, आणि आज त्यातला कितवा दिवस हे तिचं अंडाशय सांगतं. पाण्याने भरलेले टपोरे फोड दिसले की ती माजावर आलेली. लालभडक गाठी दिसल्या की अंडी नुकतीच सुटलेली. गाठी फिकट आणि मांसल झाल्या की त्यालाही आठवडा उलटलेला. मी बघते, सांगते, आणि घाईबाई लिहून घेते.

घाईबाई म्हणजे आमची संशोधक मुलगी, वय सव्वीस. नाव अर्थातच मी ठेवलेलं. ही कधी चालत येत नाही, पळतच येते. चहा उभ्याने पिते आणि तोही अर्धा टाकून जाते. तिचं काम मात्र घाईचं नाही. योनीपासून गर्भाशयापर्यंतच्या सगळ्या वाटेवर पांढऱ्या पेशींचा पहारा असतो, तो महिन्याच्या कुठल्या दिवशी किती कडक असतो, हे तिला शोधायचं आहे. डुकरीण माजावर असताना तिच्या गर्भाशयात या पेशी खच्चून भरलेल्या असतात, कारण नराबरोबर घाणही आत येणार असते. अंडी सुटली, प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढलं, की पहारा ढिला पडतो. पुढे पिल्लं रुजलीच तर त्यांना परकी समजून कोणी हाकलू नये, म्हणून ही सोय. पण त्याच दिवसांत जंतूंचंही फावतं.

"बायकांमध्येही असंच काहीतरी होतं, ताई," ती मला एकदा म्हणाली होती. "पण नेमकं कुठल्या दिवसांत आणि किती, हे कळलं तर लस कधी द्यायची, तपासणी कधी करायची, सगळं ठरवता येईल. आपल्याच घराचं दार कधी उघडं असतं, ते आपल्याला माहीत नको?"

त्यासाठी बारा बायका हव्या होत्या. पंचेचाळीसच्या आतल्या, पाळी नियमित असलेल्या. पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवड्याला एकदा, असं चार वेळा यायचं, रक्त द्यायचं आणि गर्भाशयाच्या मुखाजवळून कापसाच्या काडीवर थोडा स्राव. बायकांची अंडाशयं काही कापून बघता येत नाहीत. त्यांना विचारावं लागतं. म्हणून फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, पाळी कोणत्या तारखेला आली.

अकरा बायका मिळाल्या. बारावी मिळता मिळेना. तीन आठवडे ती मुलगी दवाखान्याच्या बाकांवर बसून बायकांच्या विनवण्या करत होती. एक दिवस शीतखोलीच्या दाराशी तिने मला गाठलं.

"ताई, एक विचारू? रागावू नका. तुमची पाळी नियमित आहे ना?"

"घड्याळ लावून घे," मी म्हटलं.

पाच महिने मला पाळी आली नव्हती.

आता मी असं का म्हटलं, ते सांगते, म्हणजे माझी अक्कल कळेल. माझ्या जागी पूर्वी एक बाई होत्या. पन्नाशीच्या, कामात अतिशय नीट. त्यांना मधूनच अंगातून वाफा निघायच्या, चेहरा लाल व्हायचा, आणि मग त्या काहीतरी निमित्त काढून शीतखोलीत जाऊन उभ्या राहायच्या. मी त्यांचं नाव 'भट्टी' ठेवलं होतं. "भट्टी थंड व्हायला गेली," असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे आणि सगळे हसायचे. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशीसुद्धा मी ते म्हटलं. आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मीच निमित्तं काढून शीतखोलीत उभी राहायला लागले होते. घाईबाईने मला तिथेच गाठलं, तेव्हा माझ्या हातात कसलीच बाटली नव्हती.

घरीही कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. दर महिन्याच्या किराण्यात मी पॅडचं पाकीट न चुकता टाकत होते, नवऱ्याने यादी वाचली तर काही कमी दिसू नये म्हणून. कपाटात पाच पाकिटं साठली होती. ताणाने थांबली असेल, येईल, असं मी स्वतःला बजावत होते. तेव्हा तारीख तरी कोणती सांगायची? आली असती तर ज्या दिवशी आली असती, ती तारीख मी मोजून सांगितली. मुलीचं अडलं होतं, तिला हात दिला, असंही मनाला पटवलं. मी बारा नंबर झाले.

चार आठवडे झाले. सगळ्यांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं, ते एकदमच तपासायचं ठरलं होतं, आणि तपासणार कोण, तर मीच. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात शहाण्णव लहान घरं. एका प्लेटवर सहा बायका, प्रत्येकीची एक उभी ओळ, उरलेल्या जागेत मोजमापाचे ठरलेले नमुने. या तपासणीचा कारभार उलटा आहे, रंग जितका गडद तितकं प्रोजेस्टेरॉन कमी. त्यामुळे पाळी नीट चाललेल्या बाईची ओळ वरून गडद सुरू होते आणि खाली येता येता फिकी पडते.

दुसऱ्या प्लेटवर सात ते अकरा नंबर तशाच उतरत्या दिसत होत्या. बारा नंबरची ओळ वरपासून खालपर्यंत गडद पिवळी होती.

मी प्लेट खिडकीपाशी नेली. मग यंत्रात घालून आकडे काढले. मग दुसऱ्या संप्रेरकाचे, इस्ट्रोजेनचे आकडे काढले, तेही तळाला. ताणबीण काही नव्हतं. माझी पाळी गेली होती, आणि ही बातमी मला डॉक्टरने नाही, बहिणीने नाही, माझ्याच हातच्या प्लेटने दिली. मला फार एकटं वाटलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी रेडिओ लावला होता, तो बंद करा म्हणून मी खेकसले.

आणि त्यानंतर मी जे केलं, त्याची मला अजून लाज वाटते. बारा नंबरसमोर शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'चारही नमुने खराब. गोठवायला उशीर.' म्हटलं, अकरा बायका उरतात, शिष्यवृत्तीच्या समितीला दहा पुरेशा आहेत, मुलीचं काही बिघडत नाही आणि माझी झाकली मूठ राहते.

शुक्रवारच्या बैठकीत मॅडमनी तो शेरा वाचला. मॅडम आमच्या विभागप्रमुख, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे सगळे जास्तच घाबरतात.

"चारही आठवडे खराब? ही कोणत्या पेटीतून आली होती?"

घाईबाईने वही चाळली. "नऊ, दहा, अकरा आणि बारा एकाच पेटीत असायच्या. दवाखान्यातून मीच आणायचे."

"मग बारा खराब असेल तर बाकीच्या तीन चांगल्या कशावरून? चारही काढून टाक."

"आठच राहतील, मॅडम."

"आठ राहतील. पण ज्यांच्यावर भरवसा नाही ते आकडे मी समितीपुढे ठेवू देणार नाही."

समिती दहा दिवसांवर होती. दहा बायका नसतील तर तिची शिष्यवृत्ती पुढे चालणार नव्हती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर दोन तरुण पोरं बसली होती, एक हिशेबनीस बसला होता, आणि त्यांच्यापुढे 'माझी पाळी गेली' म्हणण्याऐवजी मी वहीचं पान उलटलं. घाईबाईच म्हणाली, "माझी चूक असेल. एकदा मी वाटेत चहाला थांबले होते, पेटी पायरीवर ठेवून." तिचा चहाही कधी पुरा होत नाही, आणि ती त्याची माफी मागत होती.

सोमवारी सकाळी मी आले, तर ती माझ्या आधी आलेली. जमिनीवर मांडी घालून बसली होती, पुढे तीच पेटी, आत बर्फ, झाकणाच्या फटीतून थर्मामीटरची तार बाहेर काढलेली. पहाटेपासून दर दहा मिनिटांनी ती आकडा लिहीत होती. पहिल्यांदाच मी तिला एका जागी बसलेली बघितली.

"काय चाललंय हे?"

"पेटी तपासतेय. सव्वा दोन तास झाले, अजून दोन अंशांच्या वर गेली नाही. दवाखान्यातून इथे यायला चाळीस मिनिटं लागतात." तिचे डोळे सुजलेले होते. "म्हणजे पेटी बरोबर आहे, ताई. मग मीच काहीतरी केलंय, आणि काय केलंय तेच मला आठवत नाहीये. चार आठवडे चार वेळा एकच चूक कशी केली मी?"

मुकादमाची गाडी मागच्या दाराशी येऊन हॉर्न वाजवत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"तू काही केलेलं नाहीस. बारा नंबर मी आहे."

"ते माहीत आहे मला. यादी माझ्याकडेच आहे."

"नमुने खराब नव्हते. चांगले होते. मीच खोटी तारीख सांगितली. मला पाळी येत नाही, सात महिने होत आले. प्लेटवर दिसलं, आणि मी शेरा लिहिला."

मला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल, असू दे ताई म्हणेल. तसं काही झालं नाही. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी दोन रात्री झोपले नाही. आईला फोन करून सांगितलं की मी या कामाच्या लायकीची नाही."

"हो."

"डुकरिणींचं आपण उघडून बघतो, ताई. बायकांना मी विचारलं. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, घड्याळ लावून घे."

मी मान खाली घातली. तिने थर्मामीटरची तार गुंडाळली, पेटीतलं पाणी मोरीत ओतलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडमना सांगायला तुम्हीच चला."

मॅडमसमोर सांगणं सोपं गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मी छत्तीसची असताना गेली माझी. कोणाला सांगितलं नव्हतं." मग तो विषय तिथेच टाकून त्यांनी घाईबाईला विचारलं, "हिने आपल्याच प्रयोगशाळेत, सगळं माहीत असताना खोटी तारीख दिली. बाकीच्या अकरा जणींनी खरी दिली असेल, हे तू कशावरून धरून चालली आहेस?"

घाईबाईने यादी पुढे ओढली. अकरा जणींना पुन्हा विचारायचं ठरलं. फोन करणार मी. तो हट्ट माझाच होता.

तीन दिवस मी फोन करत होते. पहिल्या दोघींनी पढवल्यासारखी जुनीच तारीख सांगितली आणि ठेवून दिला. मग मी पद्धत बदलली. आधी माझंच सांगायला लागले. "मी तिथली ताई. मी पण रक्त दिलं होतं, आणि मी खोटं सांगितलं होतं, कारण माझी पाळी गेलीय आणि मला सांगायची लाज वाटली. तुमचं काही राहून गेलं असेल तर सांगा, कोणी रागावणार नाही." पहिल्यांदा म्हणताना कान तापले. सातव्यांदा म्हणताना मी सोबत पेरूही खात होते.

आणि बायका बोलायला लागल्या. एकीने तारीख बहिणीची सांगितली होती, "आमचं दोघींचं जवळपास एकदमच असतं हो, आणि तिची माझ्या लक्षात राहते." दोन दिवसांचाच फरक होता. एकीने पाळी संपल्याची तारीख दिली होती. ते सुधारता आलं. तीन नंबरची म्हणाली, दुसऱ्या आठवड्यात अंगावरून पांढरं जात होतं म्हणून तिने औषध घेतलं, आतही ठेवलं, पण तपासायला पुरुष डॉक्टर असेल या भीतीने बोलली नाही. तिचा पहारा त्या औषधाने विस्कटलेला, म्हणजे ती वगळावी लागणार होती. दहा उरल्या.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्यालाही सांगून टाकलं. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "मला वाटलंच होतं. थंडीत पंखा लावून झोपतेस." मग थोड्या वेळाने, "पण सांगायचंस की गं." एवढंच तो बोलला, पण त्या 'गं'वर मला रडू आलं.

शेवटचा फोन सहा नंबरला. ही शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. जेवणाच्या सुट्टीतही तिच्या मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. मी माझं सांगितलं.

"ताई, ती पाळी नव्हती," ती म्हणाली.

"मग?"

"मला दिवस गेले होते. नववा आठवडा होता. गेलं ते. फॉर्मवर तारीख विचारली होती, रक्त आलं ती मी सांगितली."

मी पेन खाली ठेवलं.

"घरी माहीत आहे?"

"नवऱ्याला. आहे हेच कोणाला सांगितलं नव्हतं, मग गेलं हे काय सांगायचं? तुमच्याकडे येते म्हणून आधीच कबूल केलं होतं, म्हणून आले. आणि खरं सांगू? तिथे कोणी काही विचारायचं नाही. हात पुढे करायचा, रक्त द्यायचं, परत यायचं. बरं वाटायचं." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "अजून पाळी आली नाहीये. डॉक्टर म्हणतात येईल. तुमचं काम बिघडलं का माझ्यामुळे?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यातलं आणखी एक खोटं.

पहिली प्लेट मी पुन्हा काढून बघितली. सहावी ओळ वर हवी तितकी गडद नव्हती, खाली हवी तितकी फिकी नव्हती. एखादा महिना असा जातो, म्हणून आम्ही दोघींनी ती तशीच सोडून दिली होती. ती ओळ सगळं सांगत होती आणि आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं.

नऊ बायका घेऊन घाईबाई समितीपुढे गेली. झाकपाक काहीच केली नाही. कोणाला का वगळलं ते नाव न घेता सांगितलं, माझ्या खोट्या शेऱ्यासकट. मी मागच्या रांगेत बसले होते. समितीने दोन महिने दिले. तेवढ्यात दहावी बाई आली तर शिष्यवृत्ती चालू, नाहीतर काम तिथेच बंद.

दहावी मिळणं आता जास्तच कठीण होतं, कारण आता आम्ही नीट विचारत होतो. औषध चालू आहे का, अंगावर पाजता का, मधे काही राहून गेलं होतं का. दोन जणी प्रश्न ऐकूनच उठून गेल्या, एकीचं चक्रच बसेना. घाईबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. सोमवार-गुरुवार डुकरिणी येत होत्या, मी बघत होते, सांगत होते, ती लिहून घेत होती. तिचं हसणं मात्र बंद होतं, आणि ते मीच बंद केलं होतं. एक महिना असाच गेला. रोज सकाळी उठून मी मनात दिवस मोजायचे, मग आठवायचं की मोजायचे ते घाईबाईच्या मुदतीचे दिवस आहेत, माझे नाहीत.

मग एका गुरुवारी, हात कोपरापर्यंत माखलेले असताना फोन वाजला. घाईबाईने तो माझ्या कानाला लावून धरला. मागे मशीनची घरघर होती.

"ताई, ओळखलंत का? मी कॉलरवाली."

"ओळखलं. बोल गं."

"आज आली," ती म्हणाली. "सकाळी. या वेळी खरंच पाळीच आहे. आधी नवऱ्याला सांगितलं, मग तुम्हाला. आता मी चालेन का तुमच्या कामाला?"

घाईबाईला पलीकडचं ऐकू गेलं होतं. तिने फोन माझ्या कानाशी आणखी दाबून धरला.

"अभिनंदन," मी म्हटलं.

पाळी आली म्हणून मी कोणाचं अभिनंदन करेन, असं मला कधी वाटलं नव्हतं. पलीकडे ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मागची मशीन थांबली. घाईबाईने दुसऱ्या हाताने फॉर्म ओढला, पण लिहिण्याआधी फोन माझ्या कानापासून काढून स्वतःच्या कानाला लावला.

"तुम्ही कशा आहात, ते आधी सांगा," ती म्हणाली. "तारीख नंतर घेते. मला काही घाई नाही."